ज्ञानाच्या जातिव्यवस्थेला सुरुंग लावणारे बाबासाहेब

एप्रिल महिना लागला की आमच्या वस्त्यावस्त्यांतून व्याख्यानमाला सुरू होतात. पहिल्या दिवशी वकीलसाहेब येतात आणि घटनेचे शिल्पकार बाबासाहेब सांगून जातात. दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राचे प्राध्यापक येतात, ते रुपयाच्या प्रश्नावर बोलतात. तिसऱ्या दिवशी भन्तेजींची धम्मदेसना होते. चौथ्या दिवशी युनियनचे पुढारी कामगारांचे बाबासाहेब सांगतात. चार दिवसांत चार बाबासाहेब आमच्यापुढे उभे राहतात आणि पाचव्या दिवशी मिरवणूक निघते. पण हे चारही विषय ज्याने एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली आणि एकाच प्रश्नासाठी वाचले, तो माणूस कोणाच्याच व्याख्यानात सापडत नाही. विरोधकांनी बाबासाहेबांना एका कप्प्यात बंद केले म्हणून आम्ही आजवर ओरडत आलो. आम्ही स्वतः काय केले? आम्ही चार कप्पे केले, इतकाच फरक!

हा केवळ व्याख्यानमालेच्या आखणीचा प्रश्न असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. प्रश्न चळवळीच्या विचारपद्धतीचा आहे. जात ही एका गाठीने बांधलेली नाही. तिची एक गाठ शेतात आहे, दुसरी पाणवठ्यावर, तिसरी लग्नात, चौथी देवळात, पाचवी तलाठ्याच्या दप्तरात आणि सहावी कोर्टात. एक गाठ सोडायला जावे तर बाकीच्या पाच आवळल्या जातात. असा प्रश्न एका शास्त्राच्या बळावर सुटत नाही. आणि या व्यवस्थेची खरी लबाडी अशी, की तिने माणसांचे तुकडे करण्याबरोबर ज्ञानाचेही तुकडे केले. चामड्याचे ज्ञान ज्याच्या हाती, त्याला अक्षर बंद. अक्षर ज्याच्या हाती, त्याला अवजार निषिद्ध. शेत ज्याला कळते त्याला हिशेब कळू नये, आणि हिशेब ज्याला कळतो त्याने नांगराला हात लावू नये. हजारो वर्षे या देशात डोके आणि हात यांची भेटच होऊ दिली गेली नाही. बाबासाहेबांचे आयुष्य ही भेट घडवून आणण्याची कहाणी आहे. त्या बाजूने त्यांचे चरित्र आज पुन्हा एकदा वाचावे, असे आम्हाला वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. घरात वाचनाची, पाठांतराची शिस्त होती. साताऱ्याच्या शाळेत मात्र पाणी वरून ओतले जाई आणि बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात या मुलाला संस्कृत शिकायचे होते. शिक्षकांनी नकार दिला आणि त्याला फारसी घ्यावी लागली. ही गोष्ट आपण नेहमी अन्यायाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती अन्यायाची आहेच. पण त्यात आणखी एक धडा आहे. ज्ञानाच्या प्रत्येक दालनाच्या दारात एक रखवालदार उभा असतो आणि तो जात विचारतो, हे त्या मुलाला फार लवकर कळले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवले आणि त्याच ग्रंथांची झडती घेतली. जे दार बंद केले तेच उघडून आत शिरायचे, हा स्वभाव तेव्हापासूनचा.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुदत तीन वर्षांची. घरची ओढाताण अशी, की झटपट एक पदवी घेऊन परतणेच कोणालाही शहाणपणाचे वाटले असते. पण या तरुणाने तिथे काय काय घेतले पाहा! अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्राथमिक अभ्यासक्रम प्रत्येकी १. एकूण ६०. सार्वजनिक वित्ताचे पंडित सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्युई, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर अशा निरनिराळ्या शाखांच्या गुरूंसमोर ते बसले. ही हौस नव्हती. या यादीत मुख्य धागा अर्थशास्त्राचा आहे आणि बाकीचे विषय त्याच्याभोवती विणलेले आहेत. कारण डोक्यात प्रश्न एकच होता, की माझा समाज या अवस्थेला का आला आणि यातून बाहेर कसा पडेल? प्रश्न पक्का असला की विषय आपोआप जवळ येतात. प्रश्नच नसेल तर दहा पदव्यासुद्धा भिंतीवर टांगण्यापुरत्या उरतात.

या पद्धतीचे पहिले फळ ९ मे १९१६ रोजी दिसले. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात अर्थशास्त्राच्या या २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या काळी जातीची उत्पत्ती कोणी वंशात शोधत होते, कोणी धंद्यात, कोणी धर्मग्रंथांत. बाबासाहेबांनी मानववंशशास्त्राला गणिताची जोड दिली. त्यांनी मांडले, की एखाद्या गटाला लग्न गटाच्या आतच करायचे असेल, तर गटातील लग्नाच्या वयाच्या स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की एक स्त्री जास्त होते. बायको मेली की एक पुरुष जास्त होतो. या जास्तीच्या माणसांचे करायचे काय? स्त्रीला सती घालवा किंवा सक्तीच्या वैधव्यात डांबा. पुरुषाला मात्र मारायचे नाही, कारण त्याची सत्ता. म्हणून त्याला लहान वयाची मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा वरवर वेगवेगळ्या दिसतात. त्या जातीची कुंपणे टिकवण्याची साधने आहेत, हे एका साध्या हिशेबातून उघड झाले. स्त्रीची गुलामी आणि जातीची गुलामी यांचा दोर एकच आहे, हे चळवळीला कळायला अनेक दशके लागली. १९१६ साली ते कागदावर आलेले होते. ते आले याचे कारण लिहिणाऱ्याने हिशेबाची वही आणि समाजाचा अभ्यास वेगवेगळ्या खोल्यांत ठेवला नव्हता.

कोलंबियाहून ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा असे दोन्ही एकाच वेळी सुरू केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परतावे लागले. येताना त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. बडोद्यास नोकरीला हजर झाले तर राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. कोलंबियाची विद्या त्या दारात उपयोगी पडली नाही. माणूस शिकला, पैसा मिळवू लागला की जात गळून पडते, असे सांगणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. निव्वळ अर्थशास्त्र वाचलेल्या माणसाला ते पटलेही असते. बडोद्यातील त्या दिवसांनी बाबासाहेबांना दाखवले, की आर्थिक उन्नतीचे शास्त्र जिथे थांबते तिथून पुढे दुसरी शास्त्रे सुरू होतात.

१९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब आहे, तेव्हा तुकडे एकत्र करा, असा उपाय त्या वेळी तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा करून पाहिला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्यावर किती माणसे राबतात आणि तिच्यात किती भांडवल घातले जाते, यावर ते ठरते. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत. त्यांना दुसरे काम नाही म्हणून ती जमिनीला चिकटली आहेत आणि म्हणून तुकडे पडत आहेत. म्हणजे शेतीच्या दुखण्याचे औषध एकट्या शेतीत सापडणार नाही, ते उद्योगधंद्यांच्या वाढीत शोधावे लागेल. दुखते एका ठिकाणी आणि मूळ असते दुसऱ्या ठिकाणी, हे ओळखायला नजर एका शेताच्या बांधाला अडलेली असून चालत नाही. आज गावोगाव गुंठ्यांच्या हिशेबात अडकलेल्या आमच्या शेतमजूर बांधवांसाठी हा १९१८ सालचा निबंध जुना झालेला नाही.

पुन्हा लंडनला जाऊन त्यांनी अर्धवट राहिलेले सगळे पूर्ण केले. अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढले, एम.एस्सी. झाले, बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्सी. मिळवली. १९२५ साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ निघाला. त्यावर कोलंबियाची पीएच.डी. होती. त्याच वर्षी डिसेंबरात चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. तिथे त्यांचा भर रुपयाची देशातील खरेदीशक्ती स्थिर ठेवण्यावर होता. हुंडणावळीचा दर वर गेला तर कोणाच्या खिशात काय पडते आणि खाली आला तर मजुरी व पगारावर जगणाऱ्याचे काय होते, हे ते तपासत होते. नाणेशास्त्राच्या जटिल चर्चेत पगारदार माणसाची भाकरी त्यांच्या नजरेआड झाली नाही. तज्ज्ञ पुष्कळ असतात. आपल्या शास्त्राचा निकाल गरिबाच्या चुलीपर्यंत नेऊन पाहणारे तज्ज्ञ थोडे.

इथे एका आक्षेपाचे उत्तर देणे आवश्यक आहे. अनेक विषयांत हात घालणारा माणूस कुठल्याच विषयात खोल जात नाही, असे काही विद्वान म्हणतात. बाबासाहेबांना हे लागू पडत नाही. त्यांनी अर्थशास्त्राची विहीर आधी पाण्यापर्यंत खणली, दोन खंडांतील दोन विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळवल्या आणि मग त्या विहिरीचे पाणी दुसऱ्या शेतांना दिले. दहा ठिकाणी हातभर खड्डे खणून पाणी लागत नसते. आमच्या तरुणांनी हे नीट ध्यानात घ्यावे. वर्तमानपत्राची कात्रणे आणि मोबाइलवर आलेले संदेश वाचून सर्व विषयांवर भाषण ठोकणे याला आम्ही अनेक शास्त्रांचा मेळ म्हणत नाही. एका शास्त्रात घट्ट पाय रोवून दुसऱ्या शास्त्राच्या माणसाशी बरोबरीने बोलता येणे म्हणजे मेळ.

आता महाडकडे येऊ. चवदार तळ्याचा सत्याग्रह आम्ही क्रांती म्हणून गातो, ते योग्यच आहे. पण त्या क्रांतीची तयारी आम्ही विसरतो. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव केला होता. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्याकडे निघाले तेव्हा त्यांच्या ओंजळीखाली कायद्याचा आधार होता. सनातन्यांनी मारहाण केली, तळ्याचे शेणगोमूत्राने तथाकथित शुद्धीकरण केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात परिषद पुन्हा भरली तेव्हा कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आलेला होता. हजारो माणसे लढायला तयार असताना बाबासाहेबांनी त्या दिवशी पाणी घेण्याचा कार्यक्रम थांबवला. पण २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन केले. पाण्यावरील बंदीचे मूळ पाण्यात नाही, ग्रंथात आहे, हे त्यांनी त्या ज्वाळेत दाखवले.

पुढचा लढा कोर्टात चालला आणि तो दहा वर्षे चालला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असा सवर्णांचा दावा होता. अशा दाव्याला नुसत्या समतेच्या घोषणेने उत्तर देता येत नाही. जमिनीचे दप्तर पाहावे लागते. नगरपालिकेचे हक्क पाहावे लागतात. रूढी कायद्याने केव्हा मान्य होते हे पाहावे लागते आणि ती खरोखर किती जुनी हे इतिहासाने तपासावे लागते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. अनादी रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. एका ओंजळभर पाण्यासाठी जनआंदोलन लागले, धर्मचिकित्सा लागली, इतिहास लागला आणि कायदाही लागला. यातील एक जरी नसते तर महाड एक तर दंगल म्हणून संपले असते, नाही तर एक फाईल म्हणून धूळ खात पडले असते.

महार वतनाचेही तेच. काहींना ती जमीन वाटत होती, काहींना मान वाटत होता. बाबासाहेबांनी त्या वतनाची वीण उसवून दाखवली. जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावाचे बलुते यांच्या बदल्यात संपूर्ण घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करायची. यात अर्थशास्त्र होते, कारण तो कमीत कमी मोबदल्यात घेतलेला श्रम होता. कायदा होता, कारण १८७४ च्या वतन कायद्याने तो बांधला होता. आणि मनाचा प्रश्न होता, कारण भाकरीसाठी दारोदार उभा राहणारा माणूस स्वाभिमानाने वर पाहू शकत नाही. १९२८ साली त्यांनी कायदे कौन्सिलात दुरुस्ती विधेयक आणले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर नेला. त्यात कुणबी होते, महार होते. खोताच्या वाड्यावर दोघांचीही पाठ सारखीच वाकत होती, हे सांगायला जातीचा अभ्यासक आणि शेतीचा अभ्यासक एकाच माणसात असावा लागला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. बी पेरणाऱ्याला पीक पाहायला मिळतेच असे नाही.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीला पूर आला, बांध फुटला, रेल्वे आणि हमरस्ता वाहून गेला आणि ऐन महायुद्धात कलकत्त्याचा उत्तरेशी संपर्क तुटला. बांध आणखी उंच करा, हा नेहमीचा सल्ला समोर होता. बाबासाहेबांच्या खात्याने पूर ही एकट्या अभियंत्याची बाब मानली नाही. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा अभ्यास झाला. तिथला अनुभव असलेले तज्ज्ञ वूर्डुइन यांच्याकडून आराखडा तयार झाला. पुराचे नियंत्रण, शेतीचे पाणी, वीज आणि जलवाहतूक यांचा विचार संपूर्ण खोऱ्यासाठी एकत्र केला गेला. बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एका टेबलावर बसवावे लागले, म्हणजे राज्यशास्त्र आले. खर्च आणि लाभ यांची वाटणी ठरवावी लागली, म्हणजे प्रांतिक वित्त आले. त्यावर तर त्यांचा प्रबंधच होता! १९४५ साली ओरिसातील नद्यांबद्दल बोलताना त्यांनी पाण्याचा अतिरेक हे संकट मानून ते समुद्राकडे पळवून लावण्याची जुनी पद्धत चुकीची ठरवली आणि पाणी साठवून कामाला लावण्याचा आग्रह धरला. केंद्रीय जल आयोगाची पूर्वपीठिका असलेली संस्था त्याच वर्षी उभी राहिली. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ साली झाला.

याच ठिकाणी एक कटू गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दामोदरच्या मूळ आराखड्यातील सर्व धरणे झाली नाहीत, आणि जी झाली त्यांच्या पाण्याखाली आदिवासी, गोरगरीब यांची गावे गेली. योजना पुढे ज्यांच्या हाती गेली त्यांनी नदी मोजली, सिमेंट मोजले. उठवलेल्या माणसाचा हिशेब मात्र अपुरा ठेवला. अनेक शास्त्रे एका टेबलावर बसली तरी ज्याचे घर बुडणार आहे तो माणूस त्या टेबलापाशी नसेल, तर हिशेबात खोट राहतेच. ज्या समाजाला चवदार तळ्यावर पाणी नाकारले गेले, त्या समाजाचा माणूस देशाच्या पाण्याच्या टेबलावर बसला म्हणून काही वेगळे घडले. तो उठून गेल्यावर त्या खुर्च्यांवर कोण बसले, हे आम्ही विचारलेच पाहिजे.

घटना समितीसाठी १९४७ साली त्यांनी जो मसुदा पुस्तकरूपाने दिला, त्यात मूलभूत हक्कांबरोबर शेती आणि मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि हे कायदेमंडळाच्या लहरीवर न सोडता घटनेतच लिहावे, अशी योजना होती. उपाशी माणसाला मतदानाचा हक्क पुरत नाही, हे घटनाशास्त्राच्या रूढ चौकटीत बसत नव्हते. त्यांनी चौकटच रुंद करायला सांगितली. ती योजना मान्य झाली नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे पार पाडले ते सर्वांना माहीत आहे, म्हणून इथे पुन्हा सांगत नाही. १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापाचे आकडे तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांच्यात वंशभेद असल्याची कल्पना खोडून काढली. स्मृतिग्रंथ, पुराणे, प्रवाशांची वर्णने, मोजमापे यांची साक्ष त्यांनी एखाद्या खटल्यासारखी फिरवली. आणि शेवटी, कायदा, अर्थकारण, राजकारण ही सारी हत्यारे वापरून झाल्यावर, माणसाचे मन बदलल्याशिवाय ही इमारत उभी राहत नाही हे ओळखून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी आम्हाला बुद्धाच्या वाटेवर आणले. ६ डिसेंबरला ते गेले. बुद्ध आणि त्याचा धम्म सांगणारा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला.

आता आमच्याकडे पाहू. गावात अत्याचार होतो. आम्ही मोर्चा काढतो, निवेदन देतो, ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला लावतो आणि वकील शोधतो. हे केलेच पाहिजे. पण साक्षीदार ज्याच्या शेतात मजुरीला जातो तोच आरोपी असेल तर त्याची साक्ष किती दिवस टिकणार? त्याची वर्षभराची मजुरी कोण पाहणार? पीडित मुलीच्या मनावर झालेल्या जखमेचा डॉक्टर कोण? गायरानाचा सात-बारा कोणी काढला? बातमी कोणी लिहिली, कशी लिहिली? खटला सुटतो तेव्हा आम्ही न्यायव्यवस्थेला शिव्या देतो. त्यात चूक नाही; पण सहा गाठींच्या प्रश्नाकडे आम्ही एकच माणूस पाठवला होता, हेही आम्ही कबूल केले पाहिजे.

आमची मुले आज अभियंते आहेत, परिचारिका आहेत, बँकेत आहेत, कृषी खात्यात आहेत, विद्यापीठात आहेत. हे बाबासाहेबांच्या पुण्याईचे नाही, त्यांच्या योजनेचे फळ आहे. १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉयकडे विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तिथे कला आणि विज्ञान एकाच छताखाली ठेवले. पण ही शिकलेली माणसे एकमेकांना भेटतात कुठे? लग्नात आणि जयंतीत. अभियंत्याला वाटते धम्म भन्तेजींनी पाहावा, वकिलाला वाटते शेतीचे आपल्याला काय, प्राध्यापकाला वाटते मोर्चा कार्यकर्त्यांचा. ही ज्ञानाची नवी जातिव्यवस्था नव्हे काय? फरक इतकाच, की इथे सोवळे आपणच पाळतो आहोत. सरकारही आता २०२० च्या शिक्षण धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणाची भाषा बोलू लागले आहे. शब्द चांगला आहे. पण वेळेवर शिष्यवृत्ती, राहायला वसतिगृह आणि शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक नसतील, तर गरिबाच्या पोराने किती शाखांवर उड्या मारायच्या?

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. आपल्या भागातील विहारात महिन्यातून एक रविवार ठेवा. पूजा-वंदना झाल्यावर वस्तीचा एकच प्रश्न समोर घ्या. नळाला पाणी येत नाही, हा प्रश्न घ्या. पाइपलाइन समजणारा फिटर बोलावा. नगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचू शकणारा कारकून बोलावा. दूषित पाण्याने कोणते आजार होतात हे सांगणारी आशाताई बोलावा. वकील बोलवा, शिक्षक बोलवा. आणि रोज डोक्यावर हंडा वाहणाऱ्या माउलीला सर्वांत पुढे बसवा, कारण त्या प्रश्नाची सर्वांत मोठी तज्ज्ञ तीच आहे. कोणी भाषण करायचे नाही. प्रत्येकाने आपल्या कामातून जे कळते ते मांडायचे आणि शेवटी कोणी काय करायचे ते लिहून काढायचे. पुढच्या रविवारी त्याचा हिशेब द्यायचा. अशा वर्षभराच्या बारा बैठका दहा व्याख्यानमालांपेक्षा चळवळीच्या जास्त कामी येतील.

तथागतांनी सांगितले, की कोणतीही गोष्ट एकटी उत्पन्न होत नाही, अनेक कारणांच्या आधाराने उत्पन्न होते. ती कारणे गेली की ती गोष्टही जाते. आम्ही रोज वंदना म्हणतो, पण प्रतीत्यसमुत्पाद ही प्रश्न सोडवण्याची पद्धत आहे हे विसरतो. बाबासाहेबांनी आयुष्यभर तीच पद्धत वापरली. येत्या जयंतीला व्याख्यानमाला जरूर ठेवा. फक्त त्या चारही वक्त्यांना एकाच दिवशी बोलवा, एकाच टेबलावर बसवा आणि त्यांच्यापुढे आपल्या वस्तीचा एक प्रश्न ठेवा. जय भीम!